आमचा पालघर जिल्हा : त्याची भूमि व त्याच्या सीमा

सातिवलीसारख्या गांवांतील एखाद्या जुन्या घरीं ट्रंक उघडून कागद पाहावयास बसलें, तर एक गमतीची गोष्ट दृष्टीस पडते. आजोबांच्या जमिनीच्या उताऱ्यावर 'तालुका वसई, जिल्हा ठाणें' असें लिहिलेलें असतें. धाकट्या नातवाच्या दाखल्यावर 'जिल्हा पालघर' असें असतें. घरपट्टीची नवी पावती पाहावी, तर ती महानगरपालिकेची! घर जागचें हाललें नाहीं, अंगणांतील विहीर हालली नाहीं, पूर्वेस उभा असलेला तुंगारेश्वराचा डोंगर तर मुळींच हालला नाहीं. मग जिल्हा बदलला तो कसा? हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत उभा राहावा व त्याचें उत्तर त्यांनीं आपल्या वडील मंडळींच्या मदतीनें शोधावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

सीमा दोन प्रकारच्या असतात. एक निसर्गानें आंखलेली, दुसरी मनुष्यानें. नकाशावर दोन्ही रेघाच दिसतात, परंतु त्यांचें आयुष्य अगदीं निराळें असतें. प्रथम निसर्गाच्या रेघा पाहूं.

आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी व ठाणें जिल्हा, पूर्वेस नाशिक जिल्हा, आणि उत्तरेस गुजराथचा वलसाड जिल्हा व दादरा-नगरहवेली हा प्रदेश. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा असे आठ तालुके ह्यांत आहेत. पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालें असतां भूमीचे तीन पट्टे लागतात. पहिला समुद्रकांठचा. येथें कोळ्यांच्या होड्या, मिठागरें, माडांच्या ओळी, केळीच्या व फुलांच्या बागा. वसईची सुकेळीं व पानवेली आणि डहाणू-घोलवडचे चिकू ही ह्या पट्ट्याची कीर्ति. दुसरा पट्टा रेल्वेच्या पूर्वेस डोंगरांच्या पायथ्याचा. येथें भातशेती, गवताचीं रानें, आणि अलीकडे कारखाने व गोदामें. आमचें सातिवली ह्याच पट्ट्यांत येतें. तिसरा पट्टा जव्हार-मोखाड्याच्या उंच माळांचा. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें पंधराशें फूट उंच आहे. तेथें नाचणी व वरई पिकते. पावसाळ्यांत पाणी धो धो कोसळतें आणि उन्हाळ्यांत बायामाणसें हंडे घेऊन त्याच पाण्याच्या शोधांत मैल मैल चालतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी हे ह्या डोंगरपट्ट्याचे मूळचे रहिवासी होत.

ह्या तिन्ही पट्ट्यांस एकत्र शिवणारा दोरा म्हणजे वैतरणा नदी. ती नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरानजीकच्या डोंगरांत उगम पावते. वाटेंत पिंजाळ, देहरजा, सूर्या व तानसा ह्या नद्या तिला मिळतात, आणि अर्नाळ्याजवळ ती समुद्रास भेटते. वसई व पालघर ह्या दोन तालुक्यांची हद्द तीच. दक्षिणेकडे उल्हास नदीचें पाणी घेऊन वसईची खाडी समुद्रास मिळते. ह्या दोन जलरेषांच्या मध्यें वसई. पूर्वीं सोपाऱ्याची खाडी ह्या भागास पूर्वेकडील मुख्य भूमीपासून तोडीत असे, म्हणून जुन्या ग्रंथांत वसईस बेट म्हटलेलें आढळतें. आतां ती खाडी गाळानें भरून अरुंद झाली आहे. निसर्गाची रेघही पुसली जाते. पण तिला शतकें लागतात.

आतां मनुष्याच्या रेघा पाहूं.

आमच्या भागांतील सर्वांत जुनें राजकीय स्थान सोपारा. संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक तें हेंच. येथें १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं स्तूपाचें उत्खनन केलें, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांस सांपडला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत मौर्यांची आज्ञा ह्या बंदरांतील प्रजेस वाचून दाखविली जात होती, ह्याचा तो पुरावा आहे. पुढें सातवाहन व क्षत्रप ह्यांच्या काळीं जिल्ह्यास 'आहार' म्हणत. नाशिकच्या लेण्यांत 'गोवर्धन आहार' हा शब्द कोरलेला आहे, आणि तेथीलच एका लेखांत क्षत्रपांचा जामात उषवदात ह्यानें शूर्पारकीं केलेल्या दानधर्माची नोंद आहे. नंतरच्या शिलाहार राजांनीं आपलें राज्य गांवांच्या संख्येनें मोजलें. त्यांच्या ताम्रपटांत 'पुरी ज्यांत प्रमुख आहे असें चौदाशें गांवांचें कोंकण' असें वर्णन येतें. आणि खाडीपलीकडील साष्टी हें नांवच मुळीं 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट गांवें, ह्या शब्दापासून आलेलें आहे.

तेराव्या शतकांत शिलाहारांचें राज्य देवगिरीच्या यादवांनीं घेतलें. पुढें मुसलमानी अंमलांत किनारा गुजराथच्या सुलतानांकडे गेला, तर जव्हारच्या डोंगरांत चौदाव्या शतकापासून मुकणे घराण्याचें कोळी राज्य उभें राहिलें. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. किनारा एकाचा, डोंगर दुसऱ्याचा, असा हा भेद पुढें सहाशें वर्षें टिकला.

२३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशाह ह्यानें तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनीं येथें किल्ला बांधिला, प्रार्थनामंदिरें उभारिलीं, आणि वसईस आपल्या 'उत्तर प्रांताचें' मुख्य ठाणें केलें. मुंबई ही त्या काळीं वसईच्या हाताखालचें एक लहान स्थान होती! १६६१ च्या विवाहाच्या करारानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली, तेव्हां ती ह्या प्रांतापासून तुटली. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें भयंकर वेढ्यानंतर वसई घेतली. मराठ्यांनीं येथें सरसुभेदार नेमिला व मराठी अंमल बसविला. १७८० च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं वसई जिंकली; १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती मराठ्यांस परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला तोही वसईसच. आणि १८१७ मध्यें उत्तर कोंकण कायमचें इंग्रजांच्या हातीं गेलें.

इंग्रजांनीं केलेल्या जिल्ह्याचें नांव प्रथम 'उत्तर कोंकण' असें होतें. १८३३ मध्यें त्यास 'ठाणें' हें नांव मिळालें. त्यानंतर हा जिल्हा जणूं शिंप्याच्या कात्रीखालीं राहिला. १८६९ मध्यें कुलाबा वेगळा झाला. १८८३ मध्यें पनवेल व १८९१ मध्यें कर्जत त्या कुलाब्यास जोडलें गेलें. १९२० मध्यें साष्टीचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा बनविला. आज ज्यास आपण पालघर तालुका म्हणतों, त्यास पूर्वीं माहीम तालुका म्हणत. स्वातंत्र्यानंतर संस्थानें विलीन झालीं आणि १९४९ मध्यें जव्हार हा ठाणें जिल्ह्याचा तालुका झाला. सहाशें वर्षांनीं डोंगर व किनारा एका कचेरीखालीं आले. १९६० मध्यें महाराष्ट्र व गुजराथ हीं राज्यें निराळीं झालीं, तेव्हां उंबरगांव तालुक्याचा बराचसा भाग गुजराथेंत गेला, आणि जीं गांवें इकडे उरलीं त्यांचा पुढें तलासरी विभाग झाला. १९९९ मध्यें जव्हार तालुक्यांतून विक्रमगड तालुका निघाला.

येथें क्षणभर थांबून शब्दांचा विचार करूं, कारण शब्द फार प्रामाणिक असतात. 'आहार' ह्याचा साधा अर्थ अन्न. 'तहसील' ह्या अरबी शब्दाचा अर्थ वसुली, आणि 'कलेक्टर' ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थही गोळा करणारा! राज्यकर्त्यानें भूमीचे तुकडे पाडले ते बहुतेक आपली कोठारें भरण्याच्या सोयीनें, हें ह्या नांवांवरून उघड होतें. 'जिल्हा' हा शब्दही अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू असा आहे. दूर युरोपांत रुमानिया नांवाचा देश आहे; तेथें जिल्ह्यास 'जुदेत्स' म्हणतात. तो शब्द न्यायनिवाडा ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. तेथील जिल्हे १९५० मध्यें रशियाच्या धर्तीवर मोडून टाकण्यांत आले, आणि १९६८ मध्यें पुन्हा स्थापावे लागले. आज ते ४१ आहेत. आपल्याकडेच रेघा बदलतात असें नाहीं, हें ह्यावरून दिसेल.

परंतु ह्या रेघांनीं गरिबाच्या जीवनांत काय फरक पडतो? ह्याचें उत्तर मोखाड्याच्या माणसास विचारावें. २०११ च्या खानेसुमारीच्या वेळीं ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती; देशांतील इतर कोणत्याही जिल्ह्यांत इतकी वस्ती नव्हती. एका टोंकास मुंबईला लागून असलेलीं गजबजलेलीं शहरें, दुसऱ्या टोंकास मोखाड्याचे पाडे, आणि दोहोंस कलेक्टर एकच. मोखाड्याहून ठाणें शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. एका सहीसाठीं मजुरास दिवसाची मजुरी बुडवून, बसचें भाडें मोजून जावें लागे. आणि साहेब दौऱ्यावर असले, म्हणजे पुन्हा एक खेप! १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें अनेक बालकें दगावलीं, तेव्हां साऱ्या महाराष्ट्राचें मन हळहळलें. जिल्ह्याचें विभाजन व्हावें ही मागणी जुनी होती. अशा घटनांनीं तिला धार आली.

शेवटीं १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याच्या १५ तालुक्यांपैकीं ८ तालुक्यांचा पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. आमच्या ख्रिस्ती वाचकांस ह्या संबंधांत एक गोष्ट मनोरंजक वाटेल. १९९८ मध्यें मुंबईच्या महाधर्मप्रांतांतून वसई धर्मप्रांत वेगळा करण्यांत आला, तो जवळजवळ ह्याच प्रदेशाचा. सरकारच्या आधीं सोळा वर्षें धर्मसभेनें तीच रेघ ओढिली होती! दरम्यान ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपालिका व अनेक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तिच्यांत जावें कीं न जावें, ह्यावरून वसईच्या गांवांत मोठें आंदोलन झालें. आपल्या शेतांचें व बागांचें पुढें काय होणार, ही त्यामागची धास्ती होती.

तर मग प्रश्न मिटला काय? तसें म्हणवत नाहीं. मुख्य ठाणें जव्हारला असावें, असें डोंगरपट्ट्यांतील पुष्कळ लोकांचें म्हणणें होतें. तें रेल्वेच्या सोयीनें पालघरला झालें. मोखाड्याच्या माणसास अंतर कमी झालें, पण संपलें नाहीं. २०११ च्या गणनेप्रमाणें ह्या आठ तालुक्यांत सुमारें ३० लक्ष लोक होते. त्यांपैकीं १३ लक्षांहून अधिक एकट्या वसई तालुक्यांत, आणि मोखाड्यांत एक लक्षही नाहींत. जिल्हा लहान झाला, तरी आंतील दरी तशीच आहे. आमच्या वसई-विरारच्या नळांस येणारें पुष्कळसें पाणी सूर्या नदीवरील धामणीच्या धरणांतून येतें, म्हणजे डोंगरपट्ट्यांतून येतें. मुंबईस १८९२ पासून तानसेचें व पुढें वैतरणेचें पाणी मिळत आहे. पाणी खालीं वाहत आलें. त्याच्या मोबदल्यांत वर काय गेलें, ह्याचा हिशेब तोटी उघडणाऱ्या प्रत्येकानें मनाशीं करावा.

नाताळची कथा आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. ऑगस्त कैसराची आज्ञा झाली, नांवनिशी ज्यानें त्यानें आपल्या पूर्वजांच्या गांवीं नोंदवावी. म्हणून योसेफास गरोदर मरियेला घेऊन नाझरेथाहून बेथलेहेमापर्यंत जावें लागलें, आणि उतरावयास जागा मिळाली नाहीं. रोमेंत बसून आज्ञा लिहिणाऱ्यास त्या वाटेची कल्पनाही नसेल. कोणत्याही राज्यव्यवस्थेची खरी परीक्षा हीच आहे. तिच्या अगदीं टोंकावरील माणसास कचेरीपर्यंत किती चालावें लागतें, आणि पोंचल्यावर तेथें कोणी त्याचें ऐकून घेतें कीं नाहीं?

म्हणून विद्यार्थ्यांनीं सुटींत एक काम करावें. जिल्ह्याचा नकाशा काढावा. प्रथम समुद्र, खाडी, वैतरणा व डोंगर शाईनें काढावे. नंतर तालुक्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा पेन्सिलीनें काढाव्या. कारण त्या पूर्वीं अनेकदां बदलल्या आहेत व पुढेंही बदलतील. आईबापांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं घरांतील जुने कागद मुलांस दाखवावे, आणि पूर्वीं कोणत्या कामासाठीं कोठवर पायपीट करावी लागे तेंही सांगावें. आजच्या मुलांपैकीं कोणी उद्यां तलाठी होईल, कोणी तहसीलदार, कदाचित् कोणी कलेक्टरही होईल. त्या वेळीं मेजावरील नकाशाकडे पाहतांना त्यास पेन्सिलीच्या रेघेपलीकडून डोंगर उतरून येणारा माणूस दिसला, तर भूगोलाचा हा धडा वायां गेला नाहीं असें आम्ही समजूं.