निवळलेले पाणी आणि मागून येणारे मेंढरू

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-२२, २ राजे २:१९-२२



यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायाचा पूर्वार्ध आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. मेंढपाळांनी कळप चारावयाचे सोडून स्वतःचेच पोट भरले, दुबळ्यांना बळ दिले नाही, हरवलेल्यांचा शोध केला नाही, म्हणून परमेश्वर त्यांना जाब विचारतो. हा भाग वाचताना आपल्या डोळ्यांपुढे राज्यकर्ते येतात, अधिकारी येतात, क्वचित मंडळीचे पुढारीही येतात. न्याय दुसऱ्याचा होत आहे, याचे एक समाधान मनाला लाभते.

परंतु सतराव्या वचनापाशी संदेष्ट्याच्या वाणीचा रोख बदलतो. आता न्याय मेंढरू आणि मेंढरू यांच्यामध्ये होणार आहे. आरोपाचे स्वरूप विलक्षण साधे आहे. बळकट मेंढरांनी स्वच्छ पाणी पोटभर प्यावे आणि उरलेले पायांनी तुडवून गढूळ करावे, व मागून येणाऱ्यांना तेच प्यावे लागावे, असे घडत होते. यरुशलेम पडल्याची वार्ता मागच्याच अध्यायात (३३:२१) येऊन पोहोचली आहे. राष्ट्र कोसळले असता देव पाणवठ्यावरच्या वागणुकीचा हिशेब मागतो, ही गोष्ट आपण हलकी लेखू नये.

या वचनांचा अभ्यास आपण एका प्रत्यक्ष शहराच्या संदर्भात करू. ते शहर रायपूर. नागपूरच्या भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसाचा या शहराशी संबंध आहे, आणि आजही तेथे मराठी कुटुंबे नांदत आहेत. परंतु तेथे जे घडले ते आपल्या कोणत्याही शहरात घडू शकते.

१. निवळलेले पाणी

अठराव्या वचनात स्वच्छ पाण्यासाठी मूळ इब्री भाषेत 'मिश्का' हा शब्द आहे. खाली बसणे, बुडणे या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. ज्यातला गाळ तळाशी बसला आहे असे पाणी, हा त्याचा भाव. भाषांतराच्या कामात एका शब्दाला एक शब्द मिळणे दुर्मिळ असते, पण येथे मराठीपाशी नेमका शब्द आहे : निवळ. आपल्याकडे निवळीची बी उगाळून वा तुरटी फिरवून पाणी निवळवीत असत. निवळलेल्या पाण्यामागे कोणाचा तरी वेळ, श्रम व धीर असतो.

रायपूरला पिण्याचे पाणी मुख्यतः खारून नदीतून मिळते. भाटागाव येथे ते उचलले जाते. उन्हाळ्यात नदी क्षीण झाली की धमतरी जिल्ह्यातील गंगरेल धरणातून, म्हणजे महानदीचे पाणी, कालव्याने आणून तिची भरपाई करावी लागते. त्या धरणासाठी अनेक गावांना आपली घरेदारे व शेते पाण्याखाली जाताना पाहावी लागली. मग शुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ खाली बसवितात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात, त्यात क्लोरिन मिसळतात, आणि ते टाक्यांत चढवून नळाने घरोघर सोडतात. ज्या पाण्याने आपण सकाळी अंगण धुतो, ते असे इतरांच्या त्यागातून व श्रमांतून निवळून आलेले असते.

२. पायांनी गढूळ करणे

त्याच वचनात 'रामस' आणि 'राफस' अशी दोन क्रियापदे जवळजवळ येतात. पहिले कुरण तुडविण्यासाठी, दुसरे पाणी पायांनी ढवळून गढूळ करण्यासाठी. ध्वनी सारखा, कृतीही सारखी. त्यात द्वेष असेलच असे नाही. पोट भरलेले मेंढरू फक्त मागे वळून पाहत नाही.

शहराचे पाणी दोन ठिकाणी गढूळ होते. पहिले ठिकाण नदी. ज्या खारूनचे पाणी रायपूर पिते, तिच्यातच शहराचे नाले वर्षानुवर्षे सांडपाणी ओतीत आले. चंदनडीह, निमोरा येथे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारली गेली ती याच कारणाने.

दुसरे ठिकाण आपल्या दाराशी आहे. जुन्या वस्त्यांत नळाचे पाइप अनेक ठिकाणी गटारातून नेलेले असतात. पाणी दिवसातून ठराविक वेळच येते. ते चालू असते तोवर आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी बंद झाले, दाब ओसरला, की फुटक्या सांध्यातून वा गंजलेल्या भोकातून गटाराचे पाणी आत शिरते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर कोणाच्या तरी घागरीत पडते. शुद्धीकरण केंद्रातून पाणी निर्दोष निघाले तरी वाटेत ते असे दूषित होते.

२०१४ साली रायपुरात 'हेपाटायटिस ई' या काविळीची साथ पसरली. दूषित पाण्यातून येणारा हा रोग गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. पुढे एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने सारे शहर घरात कोंडले असता, पुन्हा काविळीने अनेक वस्त्या गाठल्या. गटारांतून गेलेल्या पाइपांचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला आणि छत्तीसगडच्या उच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातले. करोनाच्या भयाने हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या माणसाला त्याच नळाने कावीळ द्यावी, ही किती दुःखाची गोष्ट!

३. कुशीने आणि खांद्याने

एकविसाव्या वचनात संदेष्टा आणखी एक चित्र रेखाटतो. लठ्ठ मेंढरे कुशीने व खांद्याने रेटतात, दुबळ्यांना शिंगे मारतात, आणि ती बाहेर फेकली जाईपर्यंत थांबत नाहीत.

आजच्या पाणवठ्यावरचा तो खांदा म्हणजे नळाला थेट जोडलेली मोटार. रायपुरात तिला टुल्लू पंप म्हणतात. पाणी आले की मोटार चालू होते, आपली गच्चीवरची टाकी भरते आणि पुढच्या घरांच्या नळाला नुसती सूं सूं हवा येते. अन्याय एवढ्यावर थांबत नाही. मोटारीच्या ओढीने पाइपातला दाब इतका उतरू शकतो की जवळच्या फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी भर पुरवठ्याच्या वेळीही आत खेचले जाते. म्हणजे हा खांदा नुसता रेटीत नाही, तो पाणीही गढूळ करतो, कित्येकदा स्वतःचेसुद्धा. उन्हाळ्यात महानगरपालिकेची पथके असे पंप जप्त करतात, परंतु पथकाची पाठ वळली की बटण पुन्हा दाबले जाते.

यावर कोणी म्हणेल, "मोटार लावली नाही तर आमच्याकडे पाणी चढतच नाही." ही अडचण खोटी नाही. तिचा रास्त उपाय असा की, नळाचे पाणी आपल्या दाबाने जमिनीलगतच्या टाकीत पडू द्यावे आणि मोटार त्या टाकीला लावावी. ज्यांना तशी टाकी बांधणे परवडत नाही, त्यांच्यासाठी पुरेसा दाब देणे व पाइप गटारातून काढणे हे मेंढपाळांचे कर्तव्य आहे. ज्या वस्तीने आपला पाइप कोठून जावा हे ठरविलेच नव्हते, तिच्यावर दोष ठेवण्याचा अधिकार या अध्यायाने कोणालाही दिलेला नाही. प्रदूषणमुक्त पाणी हे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे. यहेज्केलाचा न्याय दोन्ही बाजूंना लागू आहे. पूर्वार्ध वाचून उत्तरार्ध मिटून ठेवता येत नाही.

४. उगमापाशी मीठ

आता यरीहोकडे वळू. त्या नगराचे लोक अलीशाला सांगतात की नगराची जागा रम्य आहे, पण पाणी वाईट आहे. या लोकांचा प्रामाणिकपणा घेण्याजोगा आहे. रायपूर २००० साली राजधानी झाले, तेलीबांधा तलावाचा काठ दिव्यांनी सजला. नगराची शोभा वाढणे चांगलेच. परंतु शोभेकडे बोट दाखवून यरीहोकरांनी पाण्याची गोष्ट झाकली नाही.

त्यांच्या तक्रारीतील एका शब्दावर भाषांतरकार नेहमी अडखळतो. भूमी नापीक आहे, असे भाषांतर करता येते. परंतु मूळ धातू लेकरू गमावण्याचा आहे. भूमी गर्भ पाडते, असा त्याचा कठोर अर्थ होतो, आणि एकविसाव्या वचनात मृत्यूच्या जोडीने तोच शब्द पुन्हा येतो. काविळीच्या साथीत पोटातले बाळ गमावलेल्या मातेला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

अलीशा काय करतो? तो नवे पात्र मागतो, त्यात मीठ घेतो आणि झऱ्याच्या उगमाशी जातो. पाणी निरोगी केले ते परमेश्वराने. परंतु संदेष्ट्याने घरोघरच्या घागरींत मीठ टाकले नाही, हे ध्यानात घ्यावे. आज ज्याला परवडते तो घरात शुद्धीकरण यंत्र बसवितो. स्वतःच्या लेकरांची काळजी घेणे योग्यच आहे. पण आपली घागर सुरक्षित झाली म्हणजे नगराचा झरा बरा झाला, असे होत नाही.

५. मंडळीचे काम

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे मेली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी याला कारण आहे, असे डॉ. जॉन स्नो यांनी मांडले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. तेथील तरुण पाळक हेन्री व्हाइटहेड यांना हे मत पटले नव्हते. ते खोडून काढावे म्हणून ते आपल्या परगण्यात घरोघर फिरले, मृतांच्या आप्तांजवळ बसले, कोण कोठले पाणी प्याले हे विचारीत गेले. शेवटी त्यांनाच एका तान्ह्या बाळाच्या मृत्यूची नोंद सापडली. त्या बाळाची दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाखड्यात टाकले जात होते, आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीत पाझरत होता. त्यांनी आपले मत बदलले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. लोकांची दारे मात्र त्यांना उघडी होती.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांनाही अशी दारे उघडी आहेत. कोणत्या गल्लीत कावीळ झाली, कोणत्या नळाला वास येतो, पाइप कोठे गटारात आहे, याची वही मंडळीचा तरुण संघ ठेवू शकतो व लेखी अर्जाने महानगरपालिकेपुढे मांडू शकतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरले पाहिजे, असा भारतीय मानक आहे. त्याची तपासणी साध्या संचाने काही मिनिटांत होते. साथीच्या दिवसांत पाणी उकळून पिण्याचा निरोप उपासनेनंतर देता येतो. तोटी नसलेल्या सार्वजनिक नळाला तोटी बसविणे, हीसुद्धा सेवा आहे.

मात्र प्रथम आपल्या घराची आणि मंदिराच्या आवाराची जोडणी पाहावी. तेथे मोटार थेट नळाला असेल तर ती आजच काढावी. नीतिसूत्रे २५:२६ मध्ये दुर्जनापुढे ढळणाऱ्या नीतिमानाला गढूळ झालेल्या झऱ्याची उपमा आहे, आणि तेथील क्रियापद यहेज्केलाच्या त्या दुसऱ्या क्रियापदाचेच भावंड आहे. ज्याने गढूळ पाण्याविरुद्ध बोलायचे, त्याचा स्वतःचा झरा निवळ असला पाहिजे.

मननासाठी प्रश्न

१. यहेज्केल ३४ मध्ये मेंढपाळांचा न्याय आणि मेंढरांचा न्याय एकाच अध्यायात का आला असावा?
२. आपल्या नळाच्या ओळीत शेवटचे घर कोणाचे आहे? त्यांना किती व कसे पाणी मिळते?
३. आपली मंडळी कोणत्या 'उगमापाशी' जाऊ शकते?

प्रार्थना

हे उत्तम मेंढपाळा, तू आम्हांला संथ पाण्याजवळ नेतोस. आम्ही पिऊन उठताना मागे वळून पाहावे, अशी दृष्टी आम्हांला दे. ज्यांच्या हाती नगराचे पाणी आहे त्यांना दक्ष ठेव, आणि आमच्या पायांना आवर घाल. येशूच्या नावाने मागतो. आमेन.