लोकरीच्या कातडीचे दगडफूल

मसाल्याच्या डब्यातील दगडफूल आपल्या परिचयाचे आहे. ते फूल नव्हे, हेही आपण जाणतो. परंतु ती एकच एक वनस्पती नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार होय. बुरशी घर बांधते व ओलावा धरून ठेवते. शैवाल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. शास्त्रकार अशा संसारास शैवाक म्हणतात. याच जातकुळीचे एक शैवाक दूर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर संकटात सापडले आहे. त्याची हकीकत आपण पाहू.

त्याचे नाव एरिओडर्मा पेडिसेलॅटम. ‘एरिओडर्मा’ म्हणजे ग्रीक भाषेत लोकरीची कातडी, आणि हे नाव त्यास शोभतेही. अंगावर मऊ लव, वळलेल्या कडांखाली पांढरी किनार. वाळले की करडे-तपकिरी, भिजले की आपल्या पाटीसारखे निळसर. १९११ साली फ्रेंच अभ्यासक ह्यू यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. तो नमुना न्यू ब्रन्सविक प्रांतातील कॅम्पोबेलो बेटावरचा होता. पुढे तेथे शोध घेता ते आढळले नाही. स्वीडनमधूनही ते नाहीसे झाले, आणि नॉर्वेत अगदी विरळ उरले. न्यूफाउंडलंड बेटावर मात्र त्याची मोठी वस्ती टिकून आहे.

ते इतके नाजूक का? थंड, धुकट अरण्यातील बाल्सम फर वृक्षाच्या खोडावर ते वाढते. त्याची बुरशी केवळ बीजाणूंनी पसरते, शैवालाचा अंश सोबत नेत नाही. म्हणजे वाऱ्यावर आलेल्या बीजाणूस सालीवर नेमके आपल्या जोडीचे नीलहरित शैवाल भेटले, तरच नवा संसार सुरू व्हावयाचा! त्यातच कारखान्यांच्या धुरातील गंधकाचा वायू पावसात व धुक्यात मिसळून साल आम्लयुक्त करतो. हे शैवाल तर आम्लापुढे टिकत नाही. वृक्षतोडीने तर घरच नष्ट होते.

शत्रू कधी कधी अनपेक्षित असतो. न्यूफाउंडलंडमध्ये मूस हे प्रचंड हरीण मूळचे नाही. १९०४ साली न्यू ब्रन्सविकमधून चार मूस तेथे आणून सोडले. त्यांची संतती आज फरची कोवळी रोपे खाऊन टाकते. जुना वृक्ष पडला, तर त्याची जागा घेणारा तरुण वृक्षच नाही, असा प्रसंग अनेक ठिकाणी येतो.

२००३ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत या दगडफुलाची ‘अतिसंकटग्रस्त’ अशी नोंद झाली. त्यानंतर अलास्कात स्प्रूस वृक्षांवर त्याची अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी वस्ती आढळली. मग चिंता मिटली काय? आम्हांस तसे वाटत नाही. अलास्कातील बीजाणू संपूर्ण खंड ओलांडून नोव्हा स्कॉशियाच्या रित्या झालेल्या खोडांवर येतील, ही आशा व्यर्थ आहे. कॅनडाच्या तज्ज्ञ समितीनेही आपल्या देशातील दोन वस्त्यांचा विचार वेगवेगळा केला. अटलांटिक किनाऱ्यावरील वस्ती तिने २००२ सालीच संकटग्रस्त ठरविली. न्यूफाउंडलंडची वस्ती तेव्हा केवळ लक्ष ठेवण्याजोगी मानली होती.