उन्हाची रेघ

अगं, नव्या घरात पसारा लावून झाला म्हणतेस, तर आता एक खडू घे. दुपारी साडेबाराला दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन फरशीवर कुठवर येतं तिथे रेघ मार. दर महिन्याला एक. दिवाळीनंतर रेघ आत आत सरकेल, २१-२२ डिसेंबरला सगळ्यात आत पोचेल. थंडीत बसाय-उठायची जागा तीच. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र पुण्यात भर दुपारचा सूर्य उत्तरेला कललेला असतो, तेव्हा त्या खिडकीत ऊन फिरकणारही नाही. उन्हाळ्यात तापतात त्या पूर्व-पश्चिमेच्या भिंती. सकाळी पूर्वेचे पडदे ओढ, दुपारी पश्चिमेचे, आणि दिवेलागणीनंतर हवा गार झाली की सगळ्या खिडक्या सताड उघड.

वाळवणं होळी ते अक्षय्य तृतीया उरकून टाक. तूरडाळीला तीन कडक उन्हं दे, पण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी मृगाच्या तोंडावर घाईने गरम डाळ डब्यात कोंबली. आत घाम धरला आणि श्रावणात झाकण काढलं तर नुसती जाळी! वर्षाची डाळ गेली, ते अजून मनाला लागतं. भरण्याआधी तळहातांनी थोडं एरंडेल चोळ. शिजवताना कोमट पाण्याने दोनदा धुतली की वास राहत नाही.

पावसात दोरीवर दाटीवाटीने कपडे घालू नकोस. वीतभर अंतर ठेव आणि पंखा लाव, म्हणजे कुबट वास येत नाही. उघडीप मिळाली की हातातलं काम टाकून कपाटांची दारं उघड.

ऑक्टोबरचं ऊन फुकट घालवू नकोस. गोधड्या, उशा, गाद्या सगळं गच्चीवर. रेशमी साड्या तेवढ्या सावलीत, आणि घडी दुसरीकडे मोड, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, पण ते दिसतं संध्याकाळी. सूर्य सगळ्यात लवकर मावळतो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला. त्या दिवसांत छकुलीला शाळेसाठी अंधारातच उठवावं लागेल. गणवेश, स्वेटर रात्रीच काढून ठेव. खोबरेल थिजलेलं असेल, बाटली गरम पाण्याच्या तपेलीत उभी कर. तिची वेणी होईपर्यंत फटफटेल.