बालरोग विभागातली पोस्टिंग : डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावे असे काही



अकरावीत जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना "पुढे काय?" असे विचारले, तर दहातले आठजण "डॉक्टर" म्हणतात. नीटची तयारी, कोचिंग, कट-ऑफ यांची माहिती घरोघरी असते. पण प्रवेश मिळाल्यावर रुग्णालयात विद्यार्थी रोज काय करतो, हे मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून या अंकात एकाच विभागाची ओळख करून देत आहे. तो विभाग म्हणजे बालरोग.

पोस्टिंग म्हणजे काय?

एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्यांच्या लहान लहान बॅच करून त्यांना काही काही आठवडे वेगवेगळ्या विभागांत पाठवतात. यालाच पोस्टिंग म्हणतात. बालरोगाची पाळी एकाहून अधिक वेळा येते आणि परीक्षा शेवटच्या वर्षी असते. आपल्या इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून चालू आहे. मुलांसाठीचे चाचा नेहरू बाल चिकित्सालय त्याच्याशी संलग्न आहे.

पोस्टिंगमध्ये विद्यार्थी ओपीडी, वॉर्ड, लसीकरण कक्ष, नवजात शिशूंचा कक्ष आणि कुपोषित मुलांचे पोषण पुनर्वसन केंद्र पाहतो. त्याला एक रुग्ण नेमून देतात. त्याने आईकडून माहिती घ्यायची, मूल तपासायचे, सर्व लिहून काढायचे आणि प्राध्यापकांसमोर उभे राहून सांगायचे. उपचार ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याचे काम पाहणे, विचारणे आणि शिकणे.

मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे

पहिला धडा हाच. मोठ्यांच्या वॉर्डात पाठ केलेले आकडे इथे चालत नाहीत. एखादे मूल मिनिटाला ४५ श्वास घेत आहे असे समजा. ते चार महिन्यांचे असेल तर काळजीचे कारण नाही, कारण दोन ते बारा महिन्यांच्या बाळात ५० किंवा त्याहून अधिक श्वास "जलद" मानतात. पण मूल दोन वर्षांचे असेल तर हाच आकडा न्यूमोनियाची शंका आणतो, कारण एक ते पाच वर्षांत मर्यादा ४० ची आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ती ६० असते. म्हणून इथे आधी वय विचारायचे आणि मग आकडा पाहायचा.

औषधाचे तसेच. मुलाला औषध वजनावर देतात. तापाचे पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम होते. पण बाजारात एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते आणि दुसऱ्याच्या तेवढ्याच मापात २५०. म्हणजे एका बाटलीतले ६ मिलिलिटर तर दुसऱ्या बाटलीतले ३. बाटली न वाचता "तेवढेच द्या" म्हटले की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. हे गणित म्हणजे आपल्या शाळेत शिकवलेले त्रैराशिकच आहे. "हे पुढे कुठे कामाला येणार?" असे विचारणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

रुग्ण बोलत नाही, आई बोलते

बालरोगात अर्धे निदान आईच्या बोलण्यात असते. जन्म कुठे झाला, बाळ लगेच रडले का, वजन किती होते, अंगावरचे दूध किती महिने दिले, वरचे दूध देताना त्यात पाणी किती घातले, मान कधी धरली, आधाराशिवाय कधी बसले, लसी कोणत्या झाल्या, हे सर्व विचारावे लागते. वजनाचा साधा हिशोब असा : जन्मवजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. कार्डावरची रेघ वर जाण्याचे थांबले असेल, तर रोग दिसण्याआधीच ती इशारा देते.

आता भाषेचा प्रश्न. इंदूरच्या रुग्णालयात आई माळवीत बोलते, निमाडीत बोलते, झाबुआकडची असेल तर भिलीत बोलते. ती "श्वसनाचा त्रास" म्हणत नाही. ती म्हणते, "पसली चल रही है." हे ऐकताच जाणत्या विद्यार्थ्याने बाळाचा सदरा वर करून छातीकडे पाहायला हवे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ते न्यूमोनियाचे गंभीर लक्षण असू शकते. पाठ्यपुस्तकात याला मोठे इंग्रजी नाव आहे, पण ते आईला ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

आपल्या मुलांची एक भीती इथे कमी व्हावी. मराठी किंवा हिंदी माध्यमातून शिकलेल्यांना वाटते की मेडिकलमध्ये आपण मागे पडू. सुरुवातीला इंग्रजी शब्द जड जातात हे खरे. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली, त्यातही शास्त्रीय शब्द बहुतांशी इंग्रजीच, फक्त देवनागरीत लिहिलेले आहेत. ते शब्द सगळ्यांनाच शिकावे लागतात. पण घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत माळवी ऐकलेल्या मुलाला आईच्या खाटेशी जी सोय होते, ती कोचिंगमध्ये मिळत नाही.

तपासण्याची रीत

मूल आईच्या मांडीवरच तपासावे. हात आणि स्टेथोस्कोप आधी ऊबदार करून घ्यावेत. मूल शांत असेल तोवर श्वास मोजावेत, छाती आणि हृदय ऐकून घ्यावे. घसा आणि कान शेवटी, कारण ते पाहताना मूल रडणारच. पुस्तकातला डोक्यापासून पायापर्यंतचा क्रम इथे बाजूला ठेवावा लागतो.

कठीण दिवस

हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. पोस्टिंगमध्ये कधीतरी एखादे मूल दगावते. काल ज्याला खुळखुळा वाजवून दाखवला, त्याची खाट आज रिकामी दिसते. अशा वेळी विद्यार्थ्याला रडू आले तर त्यात लाज नाही. वरिष्ठांशी आणि मित्रांशी बोलावे, घरी फोन करावा. पालकांनीही त्या फोनवर "अभ्यास कसा चालला आहे?" हे आधी विचारू नये.

पण याच विभागात साध्या उपायांची ताकदही दिसते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपले. तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून नातेवाईकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. तेच आजचे ओ.आर.एस. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. घरात लक्षात ठेवावे : एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे, अर्धे पाकीट अंदाजाने नाही.

पालकांना विनंती आणि मुलांना गृहपाठ

पालकांनी मुलाला फॉर्म भरायला लावण्याआधी एक विचारावे : रडणाऱ्या परक्या बाळाजवळ तासभर बसून त्याच्या आईचे ऐकून घेणे तुला जमेल का, आवडेल का? उत्तर "नाही" असेल तर तेही मान्य करावे. विज्ञानात वाटा पुष्कळ आहेत.

मुलांनो, तुम्हाला दोन कामे देतो. घरातले आपले लसीकरणाचे कार्ड शोधून वाचा. मग घरात किंवा शेजारी तान्हे बाळ असेल, तर ते झोपलेले असताना त्याच्या आईच्या परवानगीने पूर्ण साठ सेकंद त्याचे श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. आकडा वहीत लिहून जीवशास्त्राच्या तासाला आणा.



— प्राचार्य