फवारणीतील विषबाधा : कोणाचा सल्ला ग्राह्य मानावा ?

कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरास दुपारी घेरी येते, दरदरून घाम सुटतो, मळमळू लागते. घरातील वडीलधारी मंडळी ऊन लागले असे म्हणतात, शेजारी ताक पाजण्यास सांगतो आणि दुकानदार दोन गोळ्या देऊन विश्रांती सुचवितो. या सर्वांचा हेतू चांगलाच असतो. परंतु रोग्याच्या अंगात कोणते द्रव्य गेले, हे त्यांपैकी कोणीही पाहिलेले नसते.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी व शेतमजूर यांना फवारणीमुळे विषबाधा झाली व त्यांपैकी अनेक दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढल्याने फवारा तोंडावर येत असे. त्यातच निरनिराळी द्रव्ये एकत्र मिसळण्याची प्रथाही नडली. विष पोटात गेले तरच बाधते, ही समजूत साफ चुकीची होय. ते कातडीतून व श्वासावाटेही शरीरात शिरते. बोलीभाषेत या द्रव्यांस 'औषध' म्हणतात. या एका शब्दाने केलेली गफलत थोडीथोडकी नव्हे.

अशा प्रसंगी पहिला विश्वसनीय सल्लागार म्हणजे डब्यावरील लेबल व सोबतचे माहितीपत्रक. कीटकनाशक कायदा, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा ही माहिती माहितीपत्रकात देणे उत्पादकावर बंधनकारक आहे. लेबलावरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दाखवितो : लाल अतिशय तीव्र, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. माहितीपत्रकाची अक्षरे फार बारीक असतात, ही तक्रार रास्त आहे. तथापि ते बांधावर फेकून देण्याऐवजी फवारणीपूर्वीच जाणत्याकडून वाचून घ्यावे.

उतारा द्रव्यागणिक बदलतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्यांची बाधा झाल्यास डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडातून लाळ गळते व स्नायू फडफडतात. त्यावर डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात व जरुरीप्रमाणे ते पुनःपुन्हा द्यावे लागते. पॅराक्वाट या तणनाशकावर तर खात्रीचा उताराच उपलब्ध नाही. म्हणून रोग्याबरोबर रिकामा डबा व माहितीपत्रक दवाखान्यात न्यावे. नाव कळले म्हणजे डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचतो, आणि नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडूनही त्यांस मार्गदर्शन घेता येते. तत्पूर्वी रोग्यास शेताबाहेर मोकळ्या हवेत आणून भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांसही विष लागू देऊ नये. बेशुद्ध माणसास काहीही पाजू नये; मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या खटपटीत द्रव फुप्फुसात उतरतो.

रोगी सावरला की त्यास घरी नेण्याची घाई होते. परंतु फॉस्फरसयुक्त विषात एक ते चार दिवसांनी मान व श्वासाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. यास्तव घरी सोडण्याचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

विक्रेत्याशी उधारीचा व्यवहार असल्याने त्याचा शब्द मोडणे शेतकऱ्यास अवघड जाते, हे खरे. तरीपण सुटे द्रव्य बाटलीत भरून दिल्यास ते घेऊ नये. ज्या विषास नाव नाही, त्याचा उतारा शोधणार तरी कसा? कोणत्या किडीवर काय फवारावे याबद्दल शंका असल्यास किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य विचारता येते.

अखेर एक अडचण उरते. माहितीपत्रक मालकाच्या घरी आणि पंप मजुराच्या पाठीवर, असे बहुधा असते. मालकाने काम सुरू होण्यापूर्वी मजुरास द्रव्याचे नाव सांगावे व डबा दिवसभर शेतातच, पण मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.