दुधाच्या भांड्यांसाठी चतुर्थक अमोनियम जंतुनाशके

संकलन केंद्रावरून दूध नासके ठरून परत आले म्हणजे दोष बहुधा गाईस किंवा वैरणीस दिला जातो. पुष्कळदा तो कॅनच्या झाकणाखाली व चरवीच्या सांध्यात वाळलेल्या दुधाच्या पापुद्र्यात असतो. अशा भांड्यांसाठी ‘क्वाट’ या नावाने ओळखली जाणारी चतुर्थक अमोनियम वर्गातील जंतुनाशके उपयुक्त आहेत. मात्र त्यांचे रसायन न समजता ती वापरल्यास पैसा वाया जातो.

अमोनियात नत्राच्या एका अणूस हायड्रोजनचे तीन अणू जोडलेले असतात. या संयुगांत नत्रास कार्बनयुक्त चार गट जोडलेले असून त्यावर कायमचा धन विद्युतभार राहतो. निदान एक गट लांब शेपटासारखा असतो. जंतूंच्या पृष्ठभागावर ऋण भार असल्यामुळे रेणू तेथे ओढला जातो, शेपूट जंतूच्या स्निग्ध पटलात शिरते, पटल फाटते व आतील द्रव्ये पाझरून जंतू मरतो. बेन्झालकोनियम क्लोराइडचा हा गुण गेरहार्ट डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केला.

साबणाचा क्रियाशील भाग नेमका उलट, म्हणजे ऋण भाराचा असतो. दोन्ही एकत्र आले की परस्परांस निकामी करतात. साबणाच्या पाण्यातच औषध ओतून काम उरकण्याची पद्धत म्हणूनच निरर्थक होय. दुधाचा अंश, शेण व विहिरीचे जड पाणी यांमुळेही औषधाचा जोर घटतो.

यासाठी भांडे प्रथम गार पाण्याने विसळावे, धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ब्रशने घासावे व स्वच्छ पाण्याने पुन्हा विसळावे. नंतर औषध. दहा टक्के तीव्रतेचे औषध असल्यास १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर घालावे. म्हणजे दर लिटरला २०० मिलिग्रॅम प्रमाण पडते. तीव्रता निराळी असल्यास वेष्टनावरील सूचनेप्रमाणे हिशेब करावा. द्रावण दोन मिनिटे सर्व भागांस लागू द्यावे, मग पिण्यायोग्य पाण्याने विसळून भांडे पालथे निथळत ठेवावे. अंश राहिल्यास विरजणातील उपकारक जंतूही मरतात व दही लागत नाही.

जंतूंची बीजुके या औषधाने मरत नाहीत. मूळ औषध डोळ्यांस व पोटात गेल्यास घातक आहे, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नये. माशांस ते विषारी असते.