घाटावरचं मांजर, घाटाखालचं कुत्रं

बुलडाणा जिल्ह्यात पत्ता सांगताना गावाच्या आधी एक गोष्ट सांगावी लागते: घाटावर की घाटाखाली. आमचं घर घाटावर, बुलडाण्यात. शेत घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूला. कुत्री-मांजरं दोन्हीकडे. पाळीव प्राण्यांवरची बहुतेक पुस्तकं फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी लिहिलेली असतात. आमचं कुत्रं दिवसभरात अंगण, गोठा, बांध, उकिरडा असं सगळं फिरून येतं आणि संध्याकाळी भाकरीच्या वेळेला दारात हजर. त्यामुळे त्याचं दुखणं शेतीच्या हंगामाप्रमाणे बदलतं. कपाशीवर फवारणी चालू झाली की एक भीती, सोयाबीन निघालं की दुसरी. पुढचे अनुभव त्या हिशेबाने वाचावेत.

१. ऊन घाटाखाली आधी चढतं

बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं पूर्णेच्या खोऱ्यात. वर पंख्यावर भागतं तेव्हा खाली पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. वरच्या घरात सुखात वाढलेलं कुत्रं मे महिन्यात गाडीत घालून खाली नेऊ नये. न्यायचंच असेल तर पहाटे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय. टिनाच्या शेडखाली साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तोही पुरत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, पाय लटपटले की उष्माघात समजावा. सावलीत आणून पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, पंखा लावावा आणि तसंच ओलं दवाखान्यात न्यावं. बर्फाचं पाणी नको, आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात तर पाणी ओतूच नये.

डांबरी रस्त्यावर फिरवण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघतो. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर फिरणं रद्द. पाण्याची भांडी मात्र दोन ठेवावीत, एक कलंडतंच.

२. गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

पहिल्या पावसानंतर कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवायची सवय लावून घ्यावी. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारांच्या घरात अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन काही होत नाही; त्याची बसायची जागा, पोतं, ओट्याच्या सांदी हे सगळं पुन्हा पुन्हा साफ करावं लागतं. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल आणि पेटती काडी हे उपाय माणसाला समाधान देतात, कुत्र्याला चटका.

गोचीडताप आला की कुत्रं आधी जेवण सोडतं. हिरड्या पांढुरक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. यातलं एक जरी दिसलं तरी रक्त तपासून घ्यावं. वेळेत औषध मिळालं तर कुत्रं उठतं.

आता खरा धोका सांगतो. गोठ्यात बैलांच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली फळीवर असतेच. ‘थोडंसं याच्याबी आंगाले लावून दे ना भाऊ, काय होते?’ असं सांगणारा शेजारीही असतो. होतं असं की त्यातली सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन जातीची औषधं मांजराच्या शरीराला मोडताच येत नाहीत. अंगावर लावलेलं ते चाटून घेतं आणि झटके सुरू होतात. कुत्र्यासाठीची गोचिडाची पावडरसुद्धा मांजराला चालत नाही. गाईला टोचायचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचणारेही भेटतात; काही जातींच्या कुत्र्यांच्या ते थेट मेंदूवर जातं. ढोराचं औषध ढोरालाच.

३. फवारणीचे दिवस

जुलै ते ऑक्टोबर या काळात माझी कुत्री शेतात मोकळी नसतात. फवारलेल्या कपाशीतून कुत्रं फिरून येतं, मग अंग चाटतं. फवाऱ्याच्या बादलीतलं उरलेलं पाणीही ते पितं. तोंडाला फेस, उलटी, अंगाला थरथर आणि डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर विष ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं असण्याचा दाट संशय घ्यावा. त्यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन चालतं, पण ते डॉक्टरच्या हातून आणि लवकर. दूध, तेल, मिठाचं पाणी पाजण्यात जाणारा वेळ कुत्र्याच्या जिवावर येतो. अंगावर औषध पडलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवावं, आणि निघताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घ्यावं. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

उंदरांच्या औषधाचे दोन प्रकार लक्षात ठेवले आहेत. काळसर भुकटी, म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करते. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्यात, कारण ओकारीतून सुटणारा वायू माणसालाही बाधतो. दुसरी ब्रोमाडायोलोनची वडी. ती खाल्लेलं कुत्रं दोन-तीन दिवस ठणठणीत असतं आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट बघायची नाही. व्हिटॅमिन के-१ वेळेवर मिळालं तर वाचतं. विषारी उंदीर खाणाऱ्या मांजरालाही हाच धोका.

रात्रीचं वेगळंच. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं; बुलडाणा-खामगाव रस्ता बोथ्याजवळ त्यातूनच जातो. अस्वलं आहेत, बिबटे आहेत. जंगलालगतच्या शेतात राखणीला साखळीने बांधून ठेवलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट. राखण करायची तर कुत्र्याला पळायला आणि आडोशाला शिरायला जागा हवी. मी तर अंधार पडला की दार लावून आतच घेतो. भुंकायचं ते आतून भुंकतं.

४. रेबीज

यावर बोलताना मी आवाज चढवतो, असं घरचे म्हणतात. म्हणोत.

‘आमचं कुत्रं घरातच असते, त्याले काहून टोचाचं?’ हा प्रश्न दर वर्षी कानावर येतो. घरातलं कुत्रं फाटकातून एकदा बाहेर जाणं पुरेसं आहे. रात्री छपरावर भांडून येणारं मांजर तर कुणाच्याच हिशेबात नसतं, आणि रेबीज मांजरालाही होतो, मांजराकडून माणसालाही. लुई पाश्चरने १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला लस दिली, तेव्हापासून हा रोग टाळता येतो. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र आजही त्यावर खात्रीचा इलाज नाही.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, नंतर दर वर्षी. तारीख विसरू नये म्हणून मी ती पोळ्याला बांधली आहे. बैलांची खांदेमळणी झाली की कुत्र्या-मांजरांची कार्डं बाहेर निघतात.

चावा किंवा ओरखडा बसला, मग तो आपल्याच लाडक्या कुत्र्याचा का असेना, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून धुवा; अंदाजाने पंधरा मिनिटं दोनच होतात. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. तिथून सरळ सरकारी दवाखाना. माणसाच्या लसीच्या ठरलेल्या सगळ्या तारखा पूर्ण करायच्या, आणि जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल आपण होऊन विचारायचं. मंत्रून दिलेला दोरा बांधायला माझी हरकत नाही, इंजेक्शन घेऊन झाल्यावर बांधा.

५. पिल्लाची घाई

आठवड्याच्या बाजारातून पिल्लू आणलं की मुलं त्याला त्याच संध्याकाळी गल्लीभर मिरवतात. पार्वो तिथेच गाठतो. ओकारी, उग्र वासाची रक्ताची हगवण, आणि एक-दोन दिवसांत पिल्लू हाताबाहेर. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचं होईपर्यंत द्याव्या लागतात. तोवर अंगण बस्स. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. ज्या अंगणात एक पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरं आणू नये.

६. मांजर म्हणजे लहान कुत्रं नव्हे

तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नये. एका गोळीत जीव जाऊ शकतो. बोका वारंवार बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नये. नुसत्या दूध-पोळीवर मांजर जगतं, पण तब्येत धरत नाही. त्याला मांस-मासळी लागते, आमच्यासारख्या माळकरी घरात लागते तरी. त्यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. शेवटी मांजराची थाळी मागच्या ओसरीत गेली.

सोयाबीन निघालं की कुटाराच्या ढिगात मांजरी वितात. ढीग उपसायच्या आधी काठीने नव्हे, हाताने चाचपावं. हिवाळ्यात घाटावर थंडी पडली की हीच मांजरं गाडीच्या बॉनेटमध्ये, ट्रॅक्टरखाली ऊब शोधतात. चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा.

७. सणाचं ताट

कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे आपलं पिठलं बाद. मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला नको. शेगावहून आलेल्या कचोरीचा तुकडा टाकण्याचा मोहही आवरावा. तेवढं तेल आणि मसाला स्वादुपिंडाला सुजवायला पुरतो. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी फिरवून, जेवू घालून आतल्या खोलीत ठेवायचं, गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बिथरून पळालेली कुत्री पुढे आठवडाभर शोधली जातात.

८. डॉक्टरचा पत्ता आधी

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींच्या कामात असतो आणि ते साहजिकच आहे. कुत्र्या-मांजराचे डॉक्टर कोण, ते संध्याकाळी किती वाजेपर्यंत बसतात, रविवारी फोन उचलतात का, हे जनावर धडधाकट असतानाच विचारून ठेवावं. अवघड केसेस आमच्या भागातून अकोल्याला, तिथल्या पशुवैद्यकाच्या स्नातकोत्तर संस्थेत नेतात. घाटावरून निघालात तर उतरण्याचा वेळ धरून निघा. पशुवैद्यकीय मदतीचा सरकारी क्रमांक १९६२. तो आमच्याकडे गोठ्याच्या दारावर खडूने लिहिला आहे, आणि पाऊस झाला की पुन्हा लिहायचं काम नातवाकडे.